उतू गेलेलं सेमिस्टर

मी साडेचार महिने स्लोव्हेनियात शिकून आले, यावर आमच्या सन्मती कॉलनीतल्या एकाही माणसानं शंका घेतली नाही. शंका घेतली ती एकट्या बाळासो तिबिले यांनी, आणि नेमके तेच आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात बसतात.

त्यांच्या खिडकीसमोर मी गेले तेव्हा परत येऊन मला चारच दिवस झाले होते आणि अंगातली तिकडची शिस्त अजून उतरली नव्हती. खिडकीपाशी एक जण उभा होता. मी त्याच्या मागे, तिकडच्या पद्धतीनं, दोन हात अंतर सोडून उभी राहिले. त्या दोन हातांत पाच जण आले, आपापली कामं उरकून गेले आणि जाताना "हिला काय पायजे?" अशा नजरेनं माझ्याकडे बघून गेले. शेवटी माझ्यासोबत आलेल्या हंबीररावकाकांनी मला दंडाला धरून पुढे ढकललं.

हंबीररावकाका आमचे शेजारी. एसटीत चौतीस वर्षं कंट्रोलर होते. स्टँडवरचा लाऊडस्पीकर बंद पडला की ते नुसते उभे राहून "गडहिंग्लज!" म्हणायचे आणि कागलला निघालेली माणसंसुद्धा दचकून गडहिंग्लजच्या गाडीत बसायची. निवृत्तीत गाड्या गेल्या, आवाज तेवढा राहिला. "ऑफिसच्या कामाला पोरीनं एकटं जायचं न्हाई, माझी सगळीकडं वळख हाय," म्हणून ते आले होते. तिबिल्यांशी त्यांची ओळख नव्हती. ती त्यांनी तिथं उभ्या उभ्या करून घेतली.

"बोला पावणं," तिबिले म्हणाले.

"मी आदिती मगदूम. फूड टेक्नॉलॉजी, तिसरं वर्ष. एक सेमिस्टर स्लोव्हेनियाला करून आलोय. हे गुणपत्रक."

इथं एक खुलासा करते. आम्ही कोल्हापूरच्या मुली बोलताना "मी आलो, मी गेलो" असंच बोलतो. लिहिताना मात्र "आले, गेले" लिहितो, कारण लिहिलेलं बाहेरगावचे लोकही वाचतात.

"स्लो व्हेनिया," तिबिल्यांनी नाव तोडून वाचलं. "सगळं हळू चालतंय व्हय तिकडं?"

"नाही, फार वक्तशीर चालतं."

"मग नाव तसं का ठेवलंय?" हा प्रश्न मी साडेचार महिन्यांत तिथं कोणालाही विचारला नव्हता, याची मला लाज वाटली. तिबिल्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. "शिक्का कुठाय?"

"शिक्का नसतो तिकडं. हा चौकोन आहे की. मोबाईलनं स्कॅन केला की त्यांच्या साइटवर सगळं दिसतं."

"शिक्का गोल असतोय. हे चौकोनी हाय."

"अहो, त्या देशात शिक्केच मारत नाहीत आता."

"शिक्का मारत न्हाईत?" तिबिले खरोखर काळजीत पडले. "मग देश चालतोय कसा?"

मग त्यांनी गुणांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. तिकडे दहापैकी गुण देतात आणि सहाला पास, हे मी सांगितलं. बोट आठ, सात, सात, सहा असं खाली उतरलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. "हितं पाच हाय."

"हो."

"सहाला पास म्हणालीस. मग पाच म्हंजे?"

"पाच म्हणजे... पाच."

"नापास म्हण की!" हे वाक्य तिबिले हळूच बोलले होते. पण हंबीररावकाकांना ते पटकन समजलं नसावं, म्हणून त्यांनी खात्री करून घेतली. "नापास?" असं त्यांनी फक्त एकदाच विचारलं. त्या दिवशी कॉलेजच्या मागच्या मैदानावर सराव करणारी कबड्डीची टीम थांबली, असं मला नंतर कळलं.

विषयाचं नाव मी इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. दुग्धशास्त्र आणि चीज-निर्मिती. आणि माझे वडील, बाहुबली मगदूम, गेली सव्वीस वर्षं राजारामपुरीत दुधाची डेअरी चालवतात. घरात तीन पिढ्या दूध. कोडोलीच्या शेतकऱ्यांकडून रोज सातशे लिटर दूध येतं. मला फूड टेक्नॉलॉजीला घातलं तेच मुळी डेअरी पुढं न्यायची म्हणून. मगदुमांची मुलगी दुधात नापास होणं म्हणजे वस्तादाच्या पोरानं आखाड्यात उतरताना पायरीवरून पडण्यासारखं होतं. म्हणून मी घरी सगळे विषय सांगितले होते, हा एक सोडून.

तिबिल्यांनी यादी दिली. गोल शिक्क्याचं गुणपत्रक, नाहीतर तिकडच्या विद्यापीठाचं थेट कॉलेजला आलेलं पत्र; आणि पाच पानी अनुभव अहवाल, विषय "मी परदेशात काय शिकलो", खाली पालकांची सही. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. नाहीतर सगळं सेमिस्टर बाद, पुन्हा इथं बसा.

परतताना काकांच्या स्कूटरवर मागं बसले. दसरा चौकाच्या सिग्नलला काकांनी मान वळवली.

"नापास कशी झालीस गं?"

आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांवरचे लोक उत्तराची वाट बघू लागले. एका रिक्षावाल्यानं तर इंजिन बंद केलं. मी घाबरून एकच वाक्य बोलले, आणि ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. "काका, तिकडं चीज करताना दूध गोठवायला वासराच्या पोटातला रस घालतात."

एवढंच बोलले. खोटं अजिबात बोलले नाही, फक्त गप्प बसले. सिग्नल हिरवा झाला, तरी काका निघेनात. त्यांच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की आत काहीतरी जुळतंय.

"म्हंजे तू घातलं न्हाईस," ते गदगदून म्हणाले. "जैनाची पोर. परीक्षा सोडलीस, पर त्याला हात लावला न्हाईस. व्हय की न्हाय?"

मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यात मी "अं" असं काहीतरी म्हणाले. त्या "अं"चा पुढे सत्कार झाला.

आता खरं काय घडलं ते सांगते. आमच्या प्राध्यापक मार्तिनाबाईंना मी पहिल्याच दिवशी माझी अडचण सांगितली होती. त्या काही बोलल्या नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक छोटी बाटली आणून ठेवली. बुरशीपासून काढलेलं, पूर्ण शाकाहारी विरजण. खास मागवलेलं. बाटलीवर त्यांच्या अक्षरात माझं नाव. म्हणजे धर्माची अडचण त्या बाईंनी स्वतःच्या हातानं दूर केली होती. राहिली होती फक्त माझी अक्कल.

समोर दहा लिटर कच्चं दूध होतं. करायचं एवढंच होतं की ते बत्तीस अंशांवर आणायचं, बाटलीतले थेंब घालायचे आणि हात बांधून बसायचं. पण आमच्या घरात जन्मापासून एकच शिकवण. दूध दिसलं की तापवायचं. आईचा नियम तर असा की तीनदा वर आल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही. माझ्या हातानं बटण कधी फिरवलं ते मला कळलंच नाही. मी खिडकीतून बाहेरचा बर्फ बघत होते आणि दूध एकदा वर आलं, मी फुंकर मारली. दुसऱ्यांदा आलं, मी समाधानानं फुंकर मारली. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या फुंकरीला जुमानलं नाही. आमच्या ताटांपेक्षा स्वच्छ असलेल्या त्या फरशीवरून दूध दारापर्यंत गेलं. बाजूच्या टेबलावरची पोर्तुगालची मुलगी खुर्चीवर चढली.

मार्तिनाबाई आल्या, भांड्यात बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आदिती, या दुधाला तू ठार मारलंस." अति तापलेलं दूध नीट गोठत नाही, हे त्यांनी आम्हाला सहा वेळा शिकवलं होतं. मी "आमच्याकडे असंच करतात" म्हणाले आणि रडायला लागले. त्यांनी मला फरशी पुसायचा बोळा दिला.

हे सगळं संध्याकाळी अण्णांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. अण्णा म्हणजे वडील. पण मी घरी पोचायच्या आत काका डेअरीवर पोचले होते. मी गेले तेव्हा अण्णा काउंटरमागे उभे होते आणि पाच गिऱ्हाइकं भांडी घेऊन तशीच उभी होती. अण्णा अबोल माणूस. दिवसभरात "किती?" आणि "म्हशीचं का गाईचं?" याशिवाय तिसरं वाक्य बोलत नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "जेवून घे."

आई म्हणाली की लग्नात सप्तपदीनंतरसुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. अशा चेहऱ्याला कसं सांगायचं? उद्या सांगू म्हटलं.

उद्या म्हणजे मंगळवारी कॉलनीच्या कमिटीची बैठक झाली. त्यात गटाराचा विषय होता, तो मागं पडला आणि रविवारी माझा सत्कार करायचं ठरलं. बुधवारी काका एकटेच कॉलेजात जाऊन आले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "काम केलं तुझं. तिबिलेसायबांनी कॉलेजच्या मेलवरनं तुझ्या त्या मास्तरीणबाईला पत्र टाकलंय. ह्या विद्यार्थिनीनं धर्माच्या कारणानं परीक्षा दिली न्हाई, असा दाखला द्यावा म्हणून. त्यो आला की विशेष सवलत!"

माझ्या हातातली भडंगाची वाटी कलंडली. मार्तिनाबाई दाखला देणार होत्या, यात शंका नव्हती. त्या देशात प्रत्येक पत्राला उत्तर देतात. हीच त्या देशाची मला तेव्हा सगळ्यात मोठी खोड वाटली.

इकडे अहवाल एक ओळ पुढं जात नव्हता. मी कागद घेऊन बसले की कोणीतरी यायचं आणि एक वाक्य देऊन जायचं. काकांनी "भारतीय संस्कृतीचा झेंडा आल्प्स पर्वतावर रोवताना" अशी सुरुवात दिली. शेजारच्या वर्षाराणीवहिनींचं म्हणणं, आयफेल टॉवरचं वर्णन टाक. मी म्हटलं, मी पॅरिसला गेलेच नाही. त्या म्हणाल्या, "मग युरोपात केलंस काय?"

प्रश्न बरोबर होता. मी काय केलं होतं? सहा रंगांच्या सहा डब्यांत कचरा वेगळा टाकायला शिकले. रविवारी दुकानं बंद असतात हे पहिल्या रविवारी उपाशी राहून शिकले. कपडे धुवायचं मशीन मंगळवारी पावणेपाच ते सहा एवढंच आपलं असतं, हे ओले कपडे बादलीतून परत आणून शिकले. शेवटच्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी खोली तपासली, ओव्हनच्या आत टॉर्च मारून बघितलं, किल्ली घेतली, सही घेतली आणि छान हसून "शुभ प्रवास" म्हणाल्या. मैत्रिणींचे पेपर होते. मी दोन बॅगा घेऊन बसस्टॉपवर एकटी उभी होते. बस सात वाजून बारा मिनिटांनी येणार होती, ती सात वाजून बारा मिनिटांनी आली. मला वाटत होतं जरा उशिरा यावी. इथून जाताना मला सोडायला अकरा माणसं आली होती आणि गाडी सुटली तरी वहिनी खिडकीतून लाडू देत होत्या. तिथं मी बसमध्ये बसल्यावर, कोणी नव्हतं तरी, हात हलवला. ड्रायव्हरनं आरशात बघून मला हात केला.

आता हे पाच पानी अहवालात कुठं लिहायचं?

शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो होता, मागं आयफेल टॉवर होता, आणि वर लिहिलं होतं, "स्लोव्हाकियात तत्त्वासाठी नापास होणाऱ्या कु. आदिती बाहुबली मगदूम हिचे हार्दिक अभिनंदन!" देश चुकला होता, टॉवर चुकला होता, कारण चुकलं होतं. "नापास" हा एकच शब्द बरोबर होता आणि तो सगळ्यात मोठ्या अक्षरात होता. मी काकांना म्हटलं, देश तरी दुरुस्त करा. काका म्हणाले, "शेजारशेजारचंच असंल की. कुणाला कळतंय?"

रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. मला फेटा बांधला होता. बांधणाऱ्यानं तो इतका घट्ट बांधला होता की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि सगळा वेळ मी आश्चर्यचकित झाल्यासारखी दिसत होते. तिसऱ्या रांगेत बाळासो तिबिले बसले होते. त्यांना बघितल्यावर मी खरोखरच आश्चर्यचकित झाले, पण चेहऱ्यात काही फरक पडला नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं. काकांचं भाषण झालं. माईक होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग कोणीतरी म्हणालं, वडिलांनी दोन शब्द बोलावेत. मला वाटलं अण्णा हात जोडून बसतील. पण ते उठले. पांढरा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता, एका बाहीला दोन घड्या पडल्या होत्या. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"मी हिला पाठवायला तयार नव्हतो," अण्णा म्हणाले. "भीती वाटत होती. एकटी पोर, काय खाईल, कशी राहील. हिच्या आईला म्हटलं होतं, हिला जमायचं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझं चुकलं."

ते खाली बसले आणि टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. "माझं चुकलं" एवढंच ऐकू येत होतं. दुधात पाण्याचा एक थेंब घातला नाही म्हणून सव्वीस वर्षं ताठ मानेनं काउंटरवर उभा राहिलेला माणूस दीडशे लोकांसमोर माफी मागून बसला होता, आणि तीही माझ्या एका "अं"पायी.

मी माईक घेतला. "सगळ्यांनी ऐका," म्हणाले. "मी तत्त्वासाठी नापास झालेलो नाही. त्या मॅडमनी मला शाकाहारी विरजण आणून दिलं होतं. माझ्या नावाची बाटली होती. मी नापास झालो कारण मी दूध तापवलं. तापवायचं नव्हतं, तरी तापवलं. मी काकांना अर्धंच सांगितलं आणि पुढं गप्प बसलो. अण्णा, तुमचं काही चुकलेलं नाही."

फेटा हळूहळू माझ्या डाव्या कानावर उतरला. आता शाल काढून घेतात का नारळ, एवढंच बघायचं होतं.

पहिल्या रांगेतून आक्का उठल्या. आक्का आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, माहेर गडहिंग्लजकडचं, वय पंचाहत्तर, आणि कॉलनीत त्यांच्यापुढं कोणी बोलत नाही.

"अगं यव्वा," आक्का म्हणाल्या. "दूध तापवलंस म्हणून नापास केलं तुला?"

"हो आक्का."

"मग? न तापवता दूध कोण पितंय? कसली म्हणायची ती माणसं!"

"अगदी बरोबर!" बायकांच्या बाजूनं आवाज उठला. "पोरीनं तापवलं यात तिचं काय चुकलं? कच्च्या दुधानं पोट बिघडतंय!"

"कोण म्हणतंय बिघडतंय?" हे हंबीररावकाका होते. माझ्या कबुलीनं ते खाली बसले होते, पण हा मुद्दा ऐकून उसळून उभे राहिले. "मी चाळीस वर्षं गंगावेशीत कट्ट्यावर रोज पहाटे म्हशीच्या आचळाखालचं दूध पितोय! ग्लासात धार, तसंच तोंडाला! काय झालं मला?"

"काय व्हायचं राहिलंय!" त्यांच्या मिसेस बायकांच्या बाजूनं म्हणाल्या.

झालं. दोन मिनिटांत हॉलचे दोन तट पडले. कच्चंवाले डावीकडे, तापवलेलंवाले उजवीकडे. एका डॉक्टरांना मत विचारलं, ते म्हणाले मी दातांचा आहे. मी माईक हातात धरून तशीच उभी होते. आयुष्यातला सगळ्यात कठीण कबुलीजबाब मी दिला होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एकानं तर मला "जरा बाजूला हो" म्हणून माईक काढून घेतला.

या गोंधळात अण्णा स्टेजपाशी आले. हॉलमध्ये फक्त तेच माझ्याकडे बघत होते.

"किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दूध."

"दहा लिटर, अण्णा. उकळलं. निम्मं उतू गेलं."

अण्णांनी डोळे मिटले. नापास झाले हे त्यांनी ऐकून घेतलं होतं, खोटेपणाही ऐकून घेतला होता. पण उतू गेलं हे ऐकल्यावर त्यांना स्टेजच्या कडेचा आधार घ्यावा लागला.

जेवणं झाल्यावर आम्ही टेम्पोतून डेअरीवर निघालो. मागं रिकामे कॅन वाजत होते.

"रोज फोन करायचीस तू," अण्णा म्हणाले. "रोज म्हणायचीस, मस्त चाललंय."

"हो."

"मस्त चाललं होतं?"

मी बाहेर बघितलं. "कधी कधी. पहिले दोन महिने नाही. थंडी होती. कोणी बोलायचं नाही फारसं. मग नंतर सवय झाली, आणि आवडायला लागलं, तोवर संपलं."

अण्णांनी गिअर बदलला. "तसं सांगायचं की मग."

"तुम्ही काळजी केली असती."

"मग? ती मी रोजच करत होतो," अण्णा म्हणाले. "तुझं ऐकून उलट करत होतो. एवढं रोज मस्त कुणाचं चालतं?"

सोमवारी मी एकटीच कॉलेजात गेले. यावेळी अंतर सोडलं नाही. काकांनी मागितलेली विशेष सवलत नको म्हणून सांगितलं. तिबिल्यांनी ड्रॉवरमधून एक छापलेला कागद काढून माझ्यापुढं सरकवला. मार्तिनाबाईंचं पत्र. गुरुवारीच आलं होतं. त्यात लिहिलं होतं की वरील गुणपत्रक बरोबर आहे. विद्यार्थिनीनं धार्मिक कारणानं काहीही नाकारलेलं नाही, तिनं दूध उकळलं. मात्र फरशी तिनं उत्तम पुसली.

"गुरुवारी आलं?" मी ओरडलेच. "म्हणजे काल तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"व्हय."

"मग तुम्ही सत्काराला कशाला आलात?"

"म्हटलं पोरगी काय बोलती ते बघू," तिबिले म्हणाले. "आनि मसालेभात हाय असं समजलं हुतं." त्यांनी ते पत्र माझ्या फाईलला टाचलं आणि त्यावर आवक-शिक्का मारला. "थेट विद्यापीठाचं पत्र आलं, गुणपत्रक बरोबर हाय म्हणून लिवलंय. झालं की तुझं काम."

"पण ते पाच? तो नापास विषय?"

"तुला वीस क्रेडिट लागत्यात. तुझी चोवीस झाल्यात, त्यो विषय सोडून." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा मान वर करून बघितलं. "त्यो विषय लागतच न्हवता."

"मग हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं?"

अहवाल तेवढा राहिला होता. तिथल्याच बाकावर बसून मी तो लिहिला. झेंडा, आल्प्स आणि टॉवर वगळून पाचाऐवजी दीडच पान झाला; तिबिले म्हणाले, सही असली की चालतंय. त्यात कचऱ्याचे डबे लिहिले, ओव्हनमधला टॉर्च लिहिला, ड्रायव्हरनं केलेला हात लिहिला आणि दूध कसं उकळलं ते तापमानासकट लिहिलं. सहीसाठी डेअरीवर नेला. अण्णांनी गिऱ्हाईक थांबवून तो उभ्यानं वाचला, मधे एकदा चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाले, "बत्तीस डिग्री म्हणजे कोमटच की."

"कोमटच."

"आणि ते शाकाहारी विरजण पुण्यात मिळतं. मी फोन करून विचारलं."

पुढच्या रविवारी, सकाळचं गिऱ्हाईक संपल्यावर, डेअरीच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं दहा लिटर दुधापुढं बसलो. आईला दारापाशीच थांबवलं होतं, कारण तिचा हात बटणाकडे जायची भीती होती. थर्मामीटर अण्णांनी स्वतः धरला होता. बत्तीस झाले, मी थेंब घातले आणि हात बांधून बसले. पाऊण तासानं अण्णांनी सुरी घातली तर दूध खरवसासारखं घट्ट लागलं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा कापून बघितलं. मग आम्ही पाणी निथळवलं, मीठ लावलं, डब्यात दाबून बसवलं.

"आता कधी खायचं?" अण्णांनी विचारलं.

"तीन महिन्यांनी."

"तीन महिने? दूध?" अण्णांचा विश्वास बसेना. सव्वीस वर्षांत सकाळचं दूध त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवलं नव्हतं. "आणि तोवर करायचं काय त्याचं?"

"रोज उलटायचं. बाकी काही नाही. वाट बघायची."

अण्णा त्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलून फ्रीजच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवला, दार लावलं, पुन्हा उघडून डबा सरळ केला, आणि म्हणाले,

"तुझी वाट बघितली त्यापेक्षा दीड महिना कमीच की. काढू."